जुनी जीप, नवा ग्राहक आणि मिस्त्रीची अमानत

महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके म्हणजे घाटांचा प्रदेश. महाडहून भोरकडे वरंध घाट, पोलादपूरहून महाबळेश्वरकडे आंबेनळी, खेडकडे कशेडी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तांबडी चिकट माती आणि डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या वाड्या. अशा मुलखात चारही चाकांना ओढ असलेली जीप ही कधीच चैनीची वस्तू नव्हती. ती आजाऱ्याला दवाखान्यात नेई, सिमेंटची पोती वाडीवर चढवी आणि लग्नाचे वऱ्हाडही आणी. या गाड्या चालत्या ठेवणाऱ्या मिस्त्री, वेल्डर, टर्नर आणि पत्रेकाम करणाऱ्या कारागिरांत आपल्या समाजाचे लोक पूर्वीपासून आहेत.

आज गाव बदलले, रस्ता बदलला आणि गिऱ्हाईकही बदलले. महामार्गाचे रुंदीकरण होत गेले. २०२३ पासून कशेडीच्या बोगद्यातून वाहने जाऊ लागली. घाटात गरम होऊन बंद पडणाऱ्या गाड्यांवर ज्यांचा धंदा चालत असे, त्यांचे काम कमी झाले. नव्या गाड्यांना संगणक लावल्याशिवाय बिघाड सापडत नाही, आणि तो संगणक कंपनीच्या सर्व्हिस स्टेशनात असतो. दुसरीकडे, जुनी जीप किंवा जिप्सी विकत घेऊन ती डोंगरात, चिखलात, नदीपात्रात चालवण्याची हौस मुंबई-पुण्याच्या तरुणांत वाढली आहे. गोव्यात २०१४ पासून 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' ही खडतर वाटांवरील गाड्यांची स्पर्धा भरू लागली, तेव्हापासून या हौसेला आणखी जोर आला. मारुतीने २०१९ च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी जिप्सी बंद केली. त्यामुळे जुन्या गाडीलाच जपणे आले.

हा धंदा आपल्या मिस्त्रींनी घ्यावा काय, घेतला तर कसा करावा आणि त्यात कोणते धोके आहेत, याचा विचार आम्ही आज करणार आहोत.

महिंद्र आणि मोहम्मद

प्रथम थोडा इतिहास. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. युद्ध संपले त्याच वर्षी, म्हणजे १९४५ मध्ये, लुधियाना येथे पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी निघाली. तिचे नाव 'महिंद्र अँड मोहम्मद'. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्र बंधू, आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ ते १९५५ या काळात गव्हर्नर जनरलही होते. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. याच कंपनीने विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला त्या जोडायला सुरुवात केली. पुढे देशात धावलेल्या बहुतेक जीपांचे मूळ तेथे आहे.

आपल्या मिस्त्रींच्या हातून गेलेल्या गाड्यांची यादी त्यातूनच तयार होते. उंच बॉनेटची सीजे-३बी ही त्यातली थोरली. तिचे बॉनेट उंच का, असे शागीर्द विचारतात. तिच्यात बसवलेल्या 'हरिकेन' पेट्रोल इंजिनाचा एक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये आला, इंजिनाची उंची वाढली आणि म्हणून बॉनेट उचलावे लागले. त्यानंतर डिझेल इंजिने आली. प्यूजोच्या परवान्यावर बनलेले एक्सडीपी ४.९०, आणि कंपनीचे स्वतःचे एमडीआय. एमएम-५४०, मेजर, कमांडर, १९९३ ची आर्माडा ही नावे आजही गॅरेजात रोजच्या बोलण्यात आहेत. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. २०१० मध्ये थार आली आणि २०२० मध्ये तिचा नवा अवतार आला. नवी थार रस्त्यावर दिसू लागली तशी जुन्या जीपचीही आठवण लोकांना होऊ लागली.

आम्हाला बसलेला चटका

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी एक जुनी डिझेल जीप घेतली गेली. परगावच्या एका दलालाकडून. रंग नवा, कुशन नवे, टायर दाट गुट्ट्यांचे. चार मैल चालवून पाहिली, आवाज ठीक होता. सौदा झाला. पहिल्याच पावसाळ्यात घाट उतरताना मागचे ब्रेक ढिले वाटू लागले आणि हाऊसिंगमधून घुंई-घुंई आवाज येऊ लागला.

गावातल्या वयस्कर उस्तादांकडे गाडी नेली. त्यांनी मागच्या हाऊसिंगचा बोल्ट सोडला, तर आतून तेल नव्हे, दूध घातलेला चहा यावा तसे पाणी आले. मग त्यांनी चासीच्या भोकात तार घालून ओढली. तारेबरोबर वाळलेला बारीक गाळ बाहेर आला. उस्ताद म्हणाले, "भाई, ही गाडी पुरात बुडाली होती. वरून रंगवली, आत कोणी पाहिले नाही." क्राऊन-पिनियनचा जोड, चारही चाकांची बेअरिंगे, ब्रेकचे सिलिंडर, सेल्फ, सारे काढावे लागले. गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम पुन्हा घालावी लागली. पैशाचे दुःख झाले खरे. पण त्या गाडीत बसून आमची मुले-माणसे घाट उतरली होती, याचा विचार आला की आजही अंगावर काटा येतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्रातील एक प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. बाजारात धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला, तर वरून कोरडे दिसणारे धान्य आतून ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, अशी सक्त ताकीद दिली. सहीह मुस्लिममध्ये हा प्रसंग आलेला आहे. जीपच्या बाजाराला तो जसाच्या तसा लागू पडतो. इथेही प्रश्न आत लपवलेल्या पाण्याचाच आहे.

महाडला हा विषय परका नाही. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली, आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. ज्या गावांनी पाण्याचा असा मार सोसला, तेथील मिस्त्रीने पाणी लागलेल्या गाडीबद्दल खोटे बोलू नये, एवढी अपेक्षा तर ठेवायला हवी.

पाणी लागलेली गाडी आली तर

पुरात उभी राहिलेली गाडी आली की मालकाची पहिली घाई असते, चावी फिरवून बघू. हीच मोठी चूक. डिझेल इंजिनात हवा फार दाबली जाते. पाणी मात्र दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, प्रसंगी ब्लॉकही फुटतो. म्हणून क्रम असा ठेवावा.

प्रथम बॅटरीची तार काढावी. एअर फिल्टर उघडून आत पाणी गेले काय ते पाहावे. गेले असेल तर नोझल किंवा हीटर प्लग काढून इंजिन हाताने फिरवावे, म्हणजे पाणी त्या भोकांतून बाहेर पडेल. इंजिनाचे तेल, गिअर बॉक्स, ट्रान्सफर केस आणि पुढचे-मागचे हाऊसिंग, पाचही ठिकाणचे तेल काढून पाहावे. तेल पांढरट झाले असेल तर धुऊन नवे भरावे. डिझेलची टाकी तळातून सोडावी, कारण पाणी जड असल्याने खाली बसते आणि थेट पंपात जाते. चाकांचे हब उघडून जुने ग्रीस काढावे. सेल्फ आणि डायनामो सोडून वाळवावे. ब्रेकचे ऑइल बदलावे, कारण ते हवेतलेही पाणी शोषते आणि पाणी मिसळलेले ऑइल घाटात तापले की उकळून ब्रेकचा दाब जातो.

हे काम दोन-तीन दिवसांचे आहे. मालकाला ते समजावून सांगावे. बिलात प्रत्येक ठिकाण वेगळे लिहावे. गाडी पुढे विकली गेली तरी तो कागद तिच्याबरोबर जाईल आणि तुमचे नाव चांगल्या अर्थाने चार ठिकाणी पोहोचेल.

फोर व्हीलचे गणित

शहरातून येणाऱ्या हौशी ग्राहकाला टायर मोठे हवे असतात, गाडी उंच हवी असते, पुढे जाड लोखंडी बंपर हवा असतो. मिस्त्रीने आधी गाडीचे मूळ गणित समजून घ्यावे, मगच हात लावावा.

जुन्या जीपमध्ये ट्रान्सफर केस पुढच्या आणि मागच्या शाफ्टला एकमेकांशी घट्ट जोडते. वळणावर पुढची चाके मागच्यापेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. चिखलात चाक थोडे घसरते आणि हा फरक निघून जातो. डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही, म्हणून सारा ताण शाफ्ट, जॉइंट क्रॉस आणि ट्रान्सफर केसच्या दात्यांवर येतो. फोर व्हील टाकून डांबरावर फिरू नये, हे प्रत्येक ग्राहकाला गाडी देताना सांगावे. लो गिअरमध्ये जीपची ओढ सुमारे अडीच पट होते. जोर वाढतो तसा चुकीचा फटकाही वाढतो.

याच कारणाने चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. आणि पुढच्या व मागच्या हाऊसिंगचे क्राऊन-पिनियन एकाच प्रमाणाचे हवे. भंगारातून हाऊसिंग आणून बसवताना येथेच चूक होते. क्राऊनचे दाते मोजावेत, पिनियनचे मोजावेत आणि भागाकार करावा. ४३ आणि ८ दाते असले तर प्रमाण ५.३८. दुसऱ्या हाऊसिंगमध्ये ४७ आणि ११ निघाले तर ४.२७. अशा दोन हाऊसिंगांची जोडी लावली आणि फोर व्हील टाकले तर काहीतरी तुटणार, हे नक्की. झाकण न उघडता मोजायचे असेल तर चाकावर आणि शाफ्टवर खडूची खूण करून गाडी सरळ ढकलावी, चाकाची एक फेरी पुरी होईपर्यंत शाफ्टच्या फेऱ्या मोजाव्यात.

टायर मोठा केला की काय होते? समजा मूळ टायर २८ इंच उंचीचा होता आणि ३१ इंचांचा लावला. स्पीडोमीटर ४० दाखवील तेव्हा गाडी ४४ ने धावत असेल. ब्रेकवर भार वाढेल, कारण जास्त वजनाचे, जास्त उंचीचे चाक त्याच जुन्या ड्रमने थांबवायचे आहे. गाडी उंच केली की तोल वरच्या बाजूला जातो आणि घाटाच्या वळणावर गाडी कलते. पाट्यांमध्ये एक-दोन पाने वाढवली की गाडी कडक होते. उबडखाबड वाटेवर चाक हवेत राहते, जमिनीला टेकत नाही. म्हणजे ज्यासाठी खर्च केला, त्याच्या उलट होते. शॅकल लांब केले तर पुढच्या हाऊसिंगचा कल बदलतो, स्टिअरिंग भटकते आणि मागच्या शाफ्टचा कोन वाढून जॉइंट क्रॉस लवकर खराब होतो.

आधी काय करावे

आमच्या पाहणीत असे आले की जुन्या जीपच्या दहा तक्रारींपैकी बहुतेक तक्रारी नवे काही बसवल्याने नव्हे, तर मूळचे नीट केल्याने सुटतात. म्हणून ग्राहकाला पुढील क्रमाने काम सुचवावे.

पहिली चासी. कोकणच्या हवेत ती आतून गंजते. बाहेरून रंग चांगला दिसतो. लहान हातोडीने ठोकत जावे. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, गंजलेल्या ठिकाणी बद्द येतो. पाट्यांचे हँगर आणि मागची आडवी पट्टी विशेष पाहावी. नुसती पट्टी ठिगळासारखी चिकटवू नये. गंजलेला भाग कापून काढावा आणि मगच नवा जोडावा.

दुसरे ब्रेक. चारही ड्रम उघडावेत, लायनर, सिलिंडर, पाइप सारे पाहावे. पाण्यातून गाडी काढल्यावर ड्रम ओले होतात आणि काही वेळ ब्रेक लागत नाहीत. हळू चालवत पाय हलका ठेवून ते वाळवावे लागतात. हे ग्राहकाला माहीत नसते.

तिसरे स्टिअरिंग. ठराविक वेगाला पुढची चाके थरथरू लागतात, अशी तक्रार हमखास येते. टायर बॅलन्स करून ती थांबत नाही. किंगपिनच्या बेअरिंगचा दाब शिम घालून बरोबर करावा, टायरॉड एंड आणि पाट्यांचे बुश पाहावेत.

चौथी हाऊसिंगची हवा जाण्याची नळी. ही वस्तू किमतीने लहान, पण कामाने मोठी. तापलेले हाऊसिंग थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. त्या नळीला रबरी पाइप जोडून तो बॉनेटच्या उंचीपर्यंत नेला की हा त्रास बंद होतो. शंभर-दोनशे रुपयांचे काम हजारोंचे क्राऊन-पिनियन वाचवते.

पाचवे गाडी ओढण्याचे हुक. अडकलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढताना दोराला प्रचंड ताण येतो. हुक चासीला जाड बोल्टांनी बसवलेला हवा. बंपरला वेल्डिंग केलेला हुक सुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो. माणूस मरतो. या कामात काटकसर करू नये आणि ग्राहक म्हणाला तरी कच्चे काम करून देऊ नये.

कायदा काय सांगतो

येथे आमच्या कारागीर बांधवांनी विशेष लक्ष द्यावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच बाजू कायम केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगीविना बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. गाड्यांचा विक्रेता असे बदल करून गाडी विकत असेल तर त्याला गाडीमागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, अशी तरतूद आहे. म्हणजे जो मिस्त्री जुनी जीप घेऊन, बदलून विकतो, त्याने हे कलम वाचूनच धंदा करावा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने पुढच्या लोखंडी गार्डांवर कारवाई करण्याचे राज्यांना कळवले, तेही ध्यानात ठेवावे.

याचा अर्थ धंदा बंद असा नव्हे. मूळ मापाप्रमाणे गाडी पुन्हा उभी करणे, झिजलेले भाग बदलणे, गंजलेला पत्रा नवा करणे, ब्रेक-स्टिअरिंग सुधारणे, हे सारे उघडपणे करता येते, आणि खरा पैसा व खरे कौशल्य त्यातच आहे. इंजिन बदलायचे असेल किंवा रंग बदलायचा असेल तर आधी परिवहन कार्यालयाची परवानगी घेऊन नोंदणीपुस्तकात नोंद करून घ्यावी. रायगडसाठी हे कार्यालय पेण येथे आहे. नोंद नसलेल्या बदलाची गाडी अपघातात सापडली तर विम्याची भरपाईही अडते.

जुन्या गाडीचे कागदही ग्राहकाला आधीच समजावून द्यावेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून त्याची फी मोटारींसाठी ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील हलक्या मोटारींसाठी ती १०,००० करण्यात आली. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्थितीत राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवण्याचा नियम २०२१ मध्ये आला. पण तशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही आणि तिच्या चासी-इंजिनात फेरफार झालेला चालत नाही. सीजे-३बी घेऊन येणाऱ्या ग्राहकाला हे सांगितले तर तो नको ती कापाकापी करणार नाही. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव खुल्या जीपा बांधण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. तेथून स्वस्त म्हणून आणलेल्या जीपचे कागद तपासल्याशिवाय आपल्या गॅरेजात घेऊ नयेत. कागदावरचा चासी नंबर आणि चासीवर कोरलेला नंबर एकच आहे काय, हे पहिल्या दिवशी पाहावे.

हिशेब कसा मांडावा

आपल्या मिस्त्रींचा हात चांगला, पण हिशेब कच्चा, ही जुनी तक्रार आहे. 'पन्नास हजारांत जीप नवी करून देतो' असे तोंडी सांगून काम घेतले जाते आणि शेवटी भांडण होते.

एक उदाहरण घेऊ. समजा एका जीपच्या पुऱ्या कामाला दोन माणसांचे ४० दिवस लागले. दोघांची मिळून रोजची मजुरी १,५०० रुपये धरली तर ६०,००० झाले. भाडे, वीज, वेल्डिंगचा गॅस महिन्याला १२,००० धरले तर ४० दिवसांचे १६,०००. म्हणजे सुटे भाग आणि स्वतःचा नफा सोडून ७६,००० रुपये खर्च. पन्नास हजारांची बोली केली असती तर २६,००० पदरचे गेले असते. शिवाय ४० दिवस एक जागा अडली, त्या जागेवर होणारी रोजची लहान कामे परत गेली, ते वेगळेच.

म्हणून कामाचे तीन टप्पे करावेत. पहिला, गाडी उघडून पाहणे. याचे वेगळे पैसे घ्यावेत आणि काय सापडले ते लिहून द्यावे. दुसरा, चासी, ब्रेक, स्टिअरिंग. तिसरा, इंजिन आणि वरचे काम. प्रत्येक टप्प्याला आगाऊ रक्कम घ्यावी. काढलेला जुना भाग ग्राहकाला दाखवावा, हवा असेल तर द्यावा. कुर्ल्याच्या बाजारातून जुना भाग आणला तर बिलात 'जुना' असेच लिहावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा कुरआनात सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. आपण मात्र नात्यागोत्याच्या भिडेने लिहीत नाही आणि मग नातेही जाते, पैसेही जातात.

सरकारी बाजूने 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे, ती करून घ्यावी. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी लागू होतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत मोटर मेकॅनिक नाही, लोहार मात्र आहे; त्यामुळे चुकीच्या आशेने फॉर्मच्या मागे वेळ घालवू नये. व्याजाचे कर्ज टाळणाऱ्यांनी दोन-तीन कारागिरांची भागीदारी करावी. एकाची जागा, एकाचा लेथ, एकाचे वेल्डिंग. नफा-तोटा ठरल्या प्रमाणात वाटून घ्यावा आणि तो करारही कागदावर असावा.

शागीर्द कुठून येणार?

शेवटचा आणि आम्हाला सर्वांत जास्त सतावणारा प्रश्न हाच. किंगपिनचा दाब हाताच्या अंदाजाने सांगणारे, आवाजावरून पिनियनचे बेअरिंग ओळखणारे उस्ताद आता वयाने थकले आहेत. त्यांची मुले आखातात गेली किंवा दुसऱ्या धंद्याला लागली. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण उस्तादांबरोबर ही विद्या कबरीत गेली तर परत येणार नाही.

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तेथून शिकून आलेल्या मुलाला नव्या गाड्यांची वायरिंग कळते, पण जुनी जीप त्याने उघडलेली नसते. गॅरेजात वाढलेल्या मुलाचे नेमके उलट असते. दोघांना एकत्र बसवण्याचे काम गावातील जमात करू शकते. सुट्टीत आठ-दहा मुलांनी उस्तादांच्या देखरेखीखाली एक जुनी जीप पूर्ण उघडावी, प्रत्येक भागाचे माप आणि त्यातल्या खुब्या वहीत लिहाव्यात, आणि पुन्हा जोडावी. या वहीची किंमत पुढे कळेल. मुलांना त्या दिवसांची मजुरीही द्यावी. शिकण्याच्या नावाखाली फुकट राबवून घेणे हा आपल्या धंद्याला लागलेला जुना डाग आहे.

आणि त्या मुलांना पहिला धडा कोणता द्यावा? आमच्या जीपचे हाऊसिंग उघडणाऱ्या उस्तादांनी आमच्याकडून पुरेसे पैसे घेतले, कमी नाही आणि जास्तही नाही. काम संपल्यावर आम्ही विचारले, "चाचा, आता ही गाडी विकून टाकली तर?" ते हात पुसत म्हणाले, "विका. पण घेणाऱ्याला सांगा की ती पाण्यात होती आणि काय काय बदलले. माझे बिल सोबत द्या."

दोन वर्षांनी ती जीप आम्ही विकली. घेणाऱ्याला सारे सांगितले, बिल दाखवले. किंमत थोडी कमी आली. पण तो माणूस आज आपल्या दोन्ही गाड्या त्याच उस्तादांकडे आणतो.